शेजारच्या सीटवरून दिसणारा उतार

मुकुंदराव, तुमच्या तेराव्याला लोक तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलले की मध्येच मला शंका आली, आपण भलत्याच घरी तर जेवायला बसलो नाही ना. स्वभाव शांत, कुणाशी वाद नाही, आवाज कधी चढला नाही. माझ्या पानात बुंदी होती, ती खात मी गप्प राहिलो. माझ्याशी उभ्या जन्मात एकदाही सरळ बोलला नाही तो माणूस मग कोण होता, असं विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. नीलानं माझ्याकडे पाहिलं. तुमच्या मेहुणीचं ते पाहणं तुम्हाला ठाऊक आहे. मी निमूटपणे आणखी थोडी बुंदी मागून घेतली.

आपण साडू. दोघी बहिणींशी लग्नं केली, एवढंच आपलं नातं. पण या नात्याची एक मजा असते. भावासारखा मान ठेवावा लागत नाही आणि मित्रासारखं मन राखावं लागत नाही. भांडायला मोकळीक असते, आणि ती आपण पुरेपूर वापरली.

आपला मुख्य वाद ब्रेकचा. माझी नोकरी रेल्वेत, सगळं आयुष्य लोणावळ्याच्या यार्डात, घाट उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक तपासण्यात गेलं. ब्रेक नीट लागतात हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडी खाली सोडायची नाही, हा माझा धर्म. तुम्ही तळेगावला गिअरबॉक्सच्या कारखान्यात. तुमच्या मते ब्रेक हे भित्र्या माणसांच्या समाधानासाठी केलेलं उपकरण; उतारावर गाडी गिअरनं धरायची, चाक फिरतं ठेवायचं. "सुधीरराव, सुक्या सडकेवर तुमचं खरं," तुम्ही म्हणायचात. "चिखलात ब्रेक दाबला की चाक थांबतं, गाडी थांबत नाही." हे मी इतक्यांदा ऐकलंय की नीला आता मला भाजी जास्त घेताना बघून तेच ऐकवते.

सासऱ्यांना दोन मुलीच. तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाला, जिथून धरणाचं पाणी दिसतं त्या पठारावर त्यांचा जमिनीचा तुकडा होता. आमचा जीव त्यात कधी नव्हता. तुम्ही मात्र निवृत्त झालात, तळेगावचं घर भाड्यानं दिलंत आणि शैलाताईला घेऊन तिथं राहायला गेलात. तिथं वर जायला बैलगाडीची जुनी वाट तेवढी होती. लाल मातीची, उभी, एका बाजूला डोंगराची भिंत आणि दुसऱ्या बाजूला घळ. मधोमध एक वाकण, कोपरासारखं वळण. उन्हाळ्यात ती वाट कुणालाही जमते. पावसाळ्यात मात्र तिथं उभा माणूस बसतो आणि बसलेला खाली पोचतो. म्हणून तुम्ही ती जुनी जीप घेतलीत, चारही चाकांना ताकद देणारी. ताईपेक्षा जास्त वेळ तुम्ही तिच्याशी बोलता असं मी म्हणालो होतो, आणि ताईनं ते खरं असल्याचं सांगितलं होतं.

माझी नोकरी संपली तेव्हा मी घरात नुसता बसून होतो. सकाळी उठावं कशाला हेच कळेना. नीला घाबरली होती, पण मला काही बोलली नाही. तिनं तुम्हाला सांगितलं असणार, कारण दुसऱ्याच दिवशी तुमचा फोन आला. तब्येत कशी, वेळ जातो का, असलं एक अक्षर नाही. "वाटेत दगड भरायचेत, पावसाच्या आत चर काढायचेत. पहार इथं आहे, तुम्ही नुसते या." मी आलो. मग येतच राहिलो. वाकणावर पाणी वाटेवरून न जाता कडेनं जावं म्हणून आपण चर खणायचो, कुठं खणायचा यावर भांडायचो, आणि संध्याकाळी ताईच्या हातची पिठलं-भाकरी खाऊन मी लोणावळ्याला परतायचो. त्या दगडांनी मला सावरलं, मुकुंदराव. हे मी तुमच्या तोंडावर कधी म्हणालो नाही, आणि म्हणालो असतो तर तुम्ही विषय बदलून पहारीला धार लावायला बसला असतात.

तुमचं सगळंच काही शहाणपणाचं नव्हतं. एका पावसाळ्यात वाकणावर पकड मिळावी म्हणून तुम्ही भाताचा पेंढा पसरलात. आधी कागदावर आकृती काढून मला समजावलंत सुद्धा. दोन सरींत तो पेंढा असा भिजला की जीप तर सोडाच, तिकोणा पेठेचे धोंडूआबा काठी टेकत वर येत होते ते बसल्या बसल्या खाली गेले. उठून त्यांनी धोतर झटकलं आणि म्हणाले, "मुकुंदभाऊ, आमच्यासाठी घसरगुंडी केली व्हय? पेंढा जनावरास्नी घालावा. वाट काय रवंथ करती?" तुम्ही ती आकृती घडी घालून खिशात ठेवलीत. मी पुढे वर्षभर कुठलंही बोलणं वळवून पेंढ्यावर आणत असे.

तुमच्या अमोलनं नवी गाडी घेतली तेव्हा मात्र आपलं आयुष्यात एकदाच एकमत झालं. तिच्यात उतारासाठी बटण आहे, दाबलं की गाडी आपली आपण हळू उतरते, असं तो बिचारा कौतुकानं दाखवत होता. तुम्ही म्हणालात, बटणाला चिखल दिसतो का? मी म्हणालो, बटणाचा ब्रेक कोण तपासतो? पोरगं हसलं. पावसात तो ती गाडी वर आणत नाही, हे त्याचं शहाणपण.

तुमच्या घरचा एक रिवाज मला सुरुवातीला गमतीचा वाटायचा. बाजाराला निघालात की वरून डांबरी सडकेपर्यंत जीप तुम्ही चालवायचात. सडक लागली की दोघंही उतरायचात, पुढून वळसा घालून जागा बदलायचात, ताई चष्मा पुसायची, सीट पुढे ओढायची, आणि मग पवनानगरचा बाजार, परतीची सडक आणि शेवटचा तो उभा चढ, सगळं ताई. इतका सफाईदार चढ मी कुणाला घेताना बघितला नाही. उतार मात्र तिच्या वाट्याला कधीच यायचा नाही. तिनं एकदा दोनदा मागितला, तुम्ही नाही म्हणालात, आणि तिनं तो विषय मिटवून टाकला. ती मिटवते तेव्हा मिटलेलं नसतं हे तुम्हाला कळायला हवं होतं.

मी ते मिटवलं नाही. "तिला उतार शिकवा," मी म्हणायचो. तुमचं उत्तर ठरलेलं. "चढावर चुकलं तर गाडी बंद पडते. उतारावर चुकलं तर बंद पडायला गाडी उरत नाही."

"आणि तुम्ही आजारी पडलात तर?"

"पडणार नाही."

हे काय उत्तर झालं, मुकुंदराव? इंजिनिअर माणसाचं?

मग तो गौरींच्या आधीचा दिवस. आम्ही ताईला लोणावळ्याला न्यायला आलो होतो. नीला खाली सडकेवर गाडीत थांबली, मी वर आलो. उतरताना तुम्ही चालवत होतात, ताई शेजारी, मागे मी आणि अळूच्या पानांचा भारा. वाकणावर मागची चाकं सुटली आणि जीपचं ढुंगण घळीकडे सरकायला लागलं. आणि तुम्ही ब्रेक दाबलात. आयुष्यभर दुसऱ्यांना नको म्हणालात तो ब्रेक, तुम्ही दोन्ही पायांनी दाबलात. चारही चाकं थांबली आणि गाडी मजेत आडवी खाली निघाली. मी अळू घट्ट धरून बसलो होतो, अळूनं काय होणार होतं देव जाणे.

तेव्हा ताई बोलली. चहा टाकू का असं विचारावं त्या आवाजात. "पाय काढा. आणि जरा रेस करा." तुम्ही पाय काढलात. थोडी रेस दिलीत. चाकं पुन्हा फिरायला लागली, जीप एकदा हलली आणि सरळ झाली. तुमचंच शास्त्र, तुम्हालाच ऐकवलेलं. सडकेवर पोचल्यावर तुम्ही उतरून उगाच टायरांना लाथा मारत गाडीभोवती फिरत राहिलात.

मी ती संधी सोडणार थोडाच. ताई नीलाच्या गाडीत सामान ठेवायला गेली तसं मी तुम्हाला गाठलं. म्हणालो, आता तरी शिकवा, तिला तुमच्यापेक्षा जास्त येतं. मला वाटलं होतं तुम्ही उसळाल. तुम्ही म्हणालात, "येतं तिला. मला ठाऊक आहे."

"मग अडलंय कुठं?"

"ती चालवायला बसली तर मला शेजारी बसावं लागेल. ते माझ्यानं व्हायचं नाही, सुधीरराव."

मी हसलो. म्हणालो, त्यात काय, हाताची घडी घालून गप्प बसायचं. तुम्ही हसला नाहीत. त्यानंतर या विषयावर आपण पुष्कळ भांडलो, पण ते वाक्य तुम्ही पुन्हा उच्चारलं नाहीत, आणि मी ते एक सबब समजून सोडून दिलं.

झोपेतच गेलात. वाद अर्धवट टाकून उठून जायची तुमची खोड जुनीच. ताईनं पहाटे फोन केला. मी पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता, आणि जीप दारात उभी होती, पण ती खाली आणायला कुणी नव्हतं. धोंडूआबा ट्रॅक्टर घेऊन वर आले. ट्रॉलीत ताडपत्री, तिच्यावर तुम्ही, एका अंगाला ताई, दुसऱ्या अंगाला अमोल आणि मी. कापड सरकू नये म्हणून ताईनं तुमच्या खांद्यावर हात ठेवला होता. माथ्यावर आबांनी ट्रॅक्टर पूर्ण थांबवला, खालचा गिअर टाकला आणि मागे वळून ताईला म्हणाले, "भाऊ सांगायचे तसंच नेतो, बाई. ब्रेकला पाय लावीत न्हाई." ताईनं मान हलवली. अख्खा उतार आबांनी तसा नेला, धक्का म्हणून लागला नाही. तिथं मला रडू आलं. तोवर मी बरा होतो.

तेरावं खाली गावात झालं आणि अमोलनं विषय काढला. त्याचं काही चुकीचं नव्हतं. "आई, त्या दिवशी आबा घरी होते म्हणून ट्रॅक्टर मिळाला. उद्या तुला काही झालं तर? पावसाळ्याचे चार महिने तू वर अडकणार. पुण्याला चल. वरचं घर काढून टाकू." नीलाही त्याच्याच बाजूनं. तुमच्या फोटोसमोर समई होती, ताई तिच्यात तेल घालत होती. घालून झाल्यावर म्हणाली, "जीप वर आहे. भर पावसात मी ती एकटीनं खाली आणून दाखवते. आणता आली तर मी वर राहीन, आणि हा विषय पुन्हा निघायचा नाही. नाही आली तर तुझ्याकडे येते, घर विकून टाक."

अमोल माझ्याकडे बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "काका, निदान तुम्ही शेजारी बसा." ताई चालेल म्हणाली. वर्षानुवर्षं तिला शिकवा म्हणून तुमच्या मागे लागलेला मी. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

काल गेलो. सकाळी धो धो कोसळून नंतर उघडीप मिळाली होती, म्हणजे वाट सगळ्यात वाईट असते तशी होती. अमोल खाली सडकेवर थांबला. आबांनी आम्हाला वर सोडलं. ताईनं घर उघडलं, खिडक्या उघडल्या, कोंदट वास जाऊ दिला, अंगणातली पडलेली पपई उचलून कडेला टाकली. घाई कसली नव्हती. जीप थोडी कुरकुरली आणि सुरू झाली. ताईनं सीट पुढे ओढली. ती परत मागे न्यायला आता कुणी नाही, हे आम्हा दोघांना एकदमच सुचलं असावं, कारण ताई आरसा नीट करायला लागली आणि मी उगाच चपला झाडायला लागलो.

माथ्यावर तिनं गाडी थांबवली. मी घसा साफ केला. "ताई, आता छोटी दांडी..."

"सुधीरराव, बोलू नका. ह्यांचं सगळं मला पाठ आहे."

तिनं चारही चाकांना जोर देणारी ती छोटी दांडी ओढली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि दोन्ही पाय मागे घेऊन चपलांसकट सपाट ठेवले. जीपनं नाक खाली केलं. इंजिन गुरगुरत गाडीला धरून होतं, माणूस चालेल त्या वेगानं आम्ही उतरत होतो, आणि मी हाताची घडी घातली. मग ती घडी सुटली. मग मी समोरचा दांडा धरला. शेजारच्या सीटवर काहीच नसतं, मुकुंदराव. चाक नाही, गिअर नाही, पायाखाली नुसता पत्रा. समोर मात्र सगळा उतार दिसतो, आणि घळ तुमच्याच बाजूला असते. मी खाली पाहिलं तर माझा उजवा पाय पत्रा दाबत होता. तिथं ब्रेक नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. यार्डात इतके ब्रेक तपासले त्या माणसाला ब्रेक कुठं असतो हे कळत नाही का? तरी पाय दाबत होता, पोटरीत गोळा येईपर्यंत.

वाकणावर मागची बाजू सुटली. मला ते आधी पाठीत कळलं. तेव्हा मला तुमचं वाक्य कळलं, हसून सोडून दिलेलं. तुम्हाला तिच्या हाताची भीती नव्हतीच. आपलं माणूस घळीकडे सरकतंय आणि आपल्या हातात काही नाही, एवढं तुम्हाला सोसलं नसतं. मी डोळे मिटून घेतले. इंजिनाचा आवाज किंचित चढला, गाडी डावीकडे हलली, उजवीकडे हलली आणि सरळ झाली. डोळे उघडले तर ताई आरशात मागचं बघत होती, आपण काढलेला चर बुजलाय का ते.

"चर साफ करायला हवा," ती म्हणाली.

खाली अमोल छत्री मिटून उभा होता. आम्ही उतरताना त्यानं सगळं बघितलं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो जीपपाशी आला, बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाला, "आई, वरचा सिलिंडर भरलेला आहे ना? नाहीतर मी रविवारी आणून देतो." तो तुमचाच मुलगा. हो म्हणायची तुमच्या घरात हीच पद्धत.

तो आबांना फोन करायला बाजूला गेला. वाद मी जिंकलो होतो, मुकुंदराव, इतक्या वर्षांचा. आणि ऐकायला तुम्ही नव्हतात. असतात तर म्हणाला असतात, आज चिखल तसा कमीच होता. मग मी चिडलो असतो, तुम्ही चिडला असतात, आणि ताईनं दोघांना चहा दिला असता. त्या चहासाठी मी तो वाद आनंदानं हरलो असतो.

समोरचा दांडा मी अजून सोडला नव्हता. मी तसाच त्या सीटवर बसून राहिलो होतो. ताईला म्हणालो, "ताई, फार वाईट जागा आहे हो ही. हातात काही नाही, पायात काही नाही, नुसतं बघत बसायचं."

ताई पदरानं चष्मा पुसत होती.

"मला काय सांगता," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं तिथंच बसत होते."

मुकुंदराव, आपण दोघं केवढे भांडलो. गिअर की ब्रेक, शिकवायचं की नाही, पेंढा की दगड. तुम्हाला एकदा बसणं झेपलं नसतं त्या जागी ती प्रत्येक उताराला बसली, पावसाळ्यामागून पावसाळे, जिवाची धाकधूक तुम्हाला कळू न देता, कारण तुम्हाला कळलं असतं तर तुमचा हात चाकावर डळमळला असता. हे ती तुम्हाला कधी सांगणार नव्हती. म्हणून मी सांगतोय.